खोट्या आभाळाची शिवण

बस्टर कीटनच्या ‘शेरलॉक ज्युनिअर’ या १९२४ सालच्या मूकपटात सिनेमागृहातला एक प्रोजेक्शनिस्ट स्वप्नात चालू सिनेमाच्या पडद्यातच शिरतो. आत गेल्यावर त्याची जी फरफट होते, तिच्यात या लेखाचा निम्मा विषय येऊन जातो. बागेतल्या बाकावर तो टेकायला जातो, तेवढ्यात दृश्य बदलतं आणि तो भर रहदारीच्या रस्त्यात आपटतो. उठून चालायला लागतो तर पायाखाली कडा. सावरतो न सावरतो तोच सिंहांच्या तावडीत. मग समुद्रातल्या खडकावरून सूर मारतो आणि डोकं बर्फात, पाय वर अशा अवस्थेत सापडतो. जागा बदलत राहते. माणूस मात्र चौकटीत होता तिथेच, तसाच. संगणक नावालाही नसलेल्या काळात ही करामत जमावी म्हणून कीटनच्या मंडळींनी जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं आणून दर ठिकाणी कॅमेरा आणि नट यांच्यातलं अंतर मोजून घेतलं होतं. एवढा आटापिटा कशासाठी, तर एका जगातून दुसऱ्या जगात जाताना पडणारा सांधा, म्हणजे फिल्मचा जोड, प्रेक्षकाला स्वच्छ दिसावा यासाठी. एरवी प्रत्येक संकलक तो लपवण्याची मजुरी घेतो.

आभासी जगांवरच्या सिनेमांची चर्चा सुरू झाली की गाडी हमखास ‘खरं काय आणि खोटं काय’ या फाट्याकडे वळते. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सिनेमाला धड विचारताच येत नाही. कादंबरीकार ‘ही खोली अस्तित्वातच नव्हती’ असं एका वाक्यात लिहून मोकळा होतो. सिनेमावाल्याला ती खोली दाखवावीच लागते, आणि एकदा दाखवली की ती असते. खरी खोली आणि भासातली खोली, दोन्ही त्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या आणि पडद्यावर तितक्याच घट्ट. त्यामुळे खोटं जग खोटं आहे हे कळायला दिग्दर्शकाला त्यात कुठेतरी शिवण ठेवावी लागते. बोट फिरवलं तर लागेल, ओढली तर उसवेल अशी. या प्रकारातला सिनेमा मोठा की सुमार, हे त्या शिवणीवर ठरतं. आणि अलीकडचे बहुविश्वाचे भव्य चित्रपट इतका खर्च करून फुसके का वाटतात, याचंही कारण तिथेच सापडतं. (पुढे काही रहस्यं फुटणार आहेत, इलाज नाही.)

मागची विचारपरंपरा एका दमात सांगून टाकू. प्लेटोच्या गुहेतल्या सावल्या, आपल्याकडचा मायावाद, दरबारात बसल्या बसल्या दुसरं अख्खं आयुष्य भोगून आलेला योगवासिष्ठातला लवण राजा, ही जुनी बैठक. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेटने पुंज भौतिकीचा असा अर्थ लावला की मोजमापाच्या वेळी एकच शक्यता उरत नाही, सगळ्याच आपापल्या शाखेत घडतात. अनेक विश्वांची कल्पना त्यातून पुढे लोकप्रिय झाली. विज्ञानकथाकार फिलिप के. डिकने १९७७ साली फ्रान्समधल्या मेत्झ इथल्या भाषणात आपलं वास्तव संगणकाने रचलेलं असावं असं सांगितलं आणि २००३ मध्ये निक बोस्ट्रॉमने त्याच शंकेला तर्काची चौकट दिली. यातलं काही ठाऊक नसलं तरी सिनेमे पाहताना काही अडत नाही.

अडतं ते राइनर वेर्नर फासबिंडर ठाऊक नसला तर. १९७३ मध्ये त्याने पश्चिम जर्मनीच्या टेलिव्हिजनसाठी ‘वर्ल्ड ऑन अ वायर’ हा दोन भागांचा, तीन तासांहून लांब चित्रपट केला, डॅनियल गॅलूयच्या १९६४ सालच्या ‘सिम्युलाक्रॉन-३’ या कादंबरीवरून. एका संस्थेने संगणकात नऊ हजारांहून अधिक माणसांचं गाव वसवलंय. त्या माणसांना वाटतं आपण जगतोय. प्रत्यक्षात वरच्या जगाला उद्याचे अंदाज पुरवण्यासाठी त्यांना राबवलं जातंय, आणि एका पोलाद कंपनीचा त्या अंदाजांवर डोळा आहे. १९७३ साली हे सुचावं! संस्थेचा नवा प्रमुख स्टिलर याच्याशी बोलता बोलता एक सहकारी मेजवानीतून नाहीसा होतो, आणि दुसऱ्या दिवशी असा कुणी माणूस होता हेच कुणाला आठवत नाही. हातात पैसा बेताचा, विशेष दृश्यपरिणाम जवळपास शून्य. मग फासबिंडर आणि त्याचा छायालेखक मायकेल बालहाउस यांनी शिवण घातली ती आरशांची. जवळपास प्रत्येक चौकटीत आरसा, काच, चकचकीत धातू. माणूस बोलतोय की त्याचं प्रतिबिंब, हे क्षणभर कळू नये. मागे उभी असलेली माणसं दुकानातल्या पुतळ्यांसारखी ताठ, नजर हरवलेली. पहिल्यांदा पाहताना हा वाईट अभिनय वाटतो. अर्ध्यावर आल्यावर कळतं की त्या बिचाऱ्यांना प्रोग्रॅमच तेवढा दिलाय. भविष्यातलं शहर म्हणून त्यांनी पॅरिसमधले नवे कोरे परिसर वापरले. गोदारनेही ‘अल्फाव्हिल’मध्ये १९६५ साली पॅरिसच परग्रहासारखं दाखवलं होतं, आणि त्याचा नायक एडी कॉन्स्टंटाइन फासबिंडरच्या चित्रपटातही क्षणभर डोकावून जातो. ही ऋणाची सही समजायची.

पण शिवणीचा खरा हंगाम आला तो १९९८ आणि १९९९ मध्ये, आणि तो माझा लाडका कोपरा असल्याने इथे थोडा मुक्काम होणार. फेब्रुवारी १९९८ मध्ये अॅलेक्स प्रोयासचा ‘डार्क सिटी’, जूनमध्ये पीटर विअरचा ‘द ट्रुमन शो’, १९९९ च्या मार्चअखेर ‘द मेट्रिक्स’, एप्रिलमध्ये डेव्हिड क्रोनेनबर्गचा ‘एक्झिस्टेन्झ’, मेमध्ये जोसेफ रुस्नाकचा ‘द थर्टीन्थ फ्लोअर’. सोळा महिन्यांत पाच चित्रपट, आणि पाचही जणांचा संशय एकच. शतक संपत होतं, घराघरांत इंटरनेट येत होतं, असं त्याचं कारण सांगतात. असेलही. मला सिनेमाच्या कारखान्यातलं कारण अधिक पटतं. प्रत्यक्ष बांधलेला सेट आणि संगणकाने रंगवलेलं दृश्य एकाच चौकटीत बेमालूम बसवता येण्याची ही पहिली काही वर्षं होती. भिंत कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं, ही चिंता या लोकांच्या रोजच्या कामातच होती. ‘डार्क सिटी’साठी सिडनीत उभारलेल्या सेटचे काही भाग, गच्च्या वगैरे, पुढे ‘मेट्रिक्स’ने वापरले. एका खोट्या शहराच्या गच्च्यांवरून दुसऱ्या खोट्या शहरातली नायिका ट्रिनिटी पळते.

‘डार्क सिटी’त कायम रात्र असते. बाराच्या ठोक्याला सगळे जागच्या जागी झोपतात, इमारती जमिनीतून उगवतात, आक्रसतात, आणि परक्या प्राण्यांच्या हुकमावरून लोकांच्या कपाळात सुई खुपसून नव्या आठवणी भरल्या जातात. स्मृती हरवलेल्या जॉन मर्डॉकला शेल बीचला जायचंय. शेल बीच सगळ्यांना माहीत आहे. टॅक्सीवाला म्हणतो, आम्ही नवराबायको लग्नानंतर तिथेच गेलो होतो. बरं, मग रस्ता कसा? टॅक्सीवाला सुरुवात करतो, अडखळतो, पुन्हा सुरुवात करतो, गप्प होतो. या पाऊण मिनिटात सगळा चित्रपट आहे. समुद्राची आठवण भरणाऱ्यांकडून वाट भरायची राहून गेली. शेवटी मर्डॉक आणि इन्स्पेक्टर बमस्टेड एका विटांच्या भिंतीपाशी येतात. भिंतीवर शेल बीचचं पोस्टर. हातोड्याने भगदाड पाडतात, आणि पलीकडे समुद्र नाही, काळं अंतराळ आहे. शहर अधांतरी तरंगतंय.

‘ट्रुमन शो’त संगणक नाही, त्यामुळे काही मंडळी त्याला विज्ञानपटांत धरत नाहीत, मी धरतो, कारण शिवणीचं सर्वांत देखणं दृश्य त्याच्याकडे आहे. लहानपणी पाण्याची दहशत बसवलेला ट्रुमन वादळातून बोट हाकत क्षितिजाकडे जातो, आणि बोटीचं टोक कच्चकन आभाळात घुसतं. आभाळ म्हणजे रंगवलेली भिंत. तो आधी हात लावतो, मग मुठी आपटतो, मग त्या भिंतीच्या पायथ्याने चालत जिन्यापाशी पोचतो. ‘थर्टीन्थ फ्लोअर’ एकंदरीत बेताचाच चित्रपट, संवाद तर कानांना शिक्षा. पण १९३७ च्या आभासी लॉस एंजेलिसमधला बारवाला अॅश्टन, दुसऱ्यासाठी ठेवलेलं पत्र वाचून, आयुष्यात कधी गेला नसता त्या दिशेने गाडी काढतो, अडथळे तोडून पुढे जातो, आणि त्याचं जग संपतं, तिथे हा चित्रपट क्षणभर थोरांच्या पंक्तीत जाऊन बसतो. ज्याने ते जग बनवायला मदत केली, तो हॉल पुढे स्वतःच्या खऱ्याखुऱ्या शहराबाहेर तशीच गाडी काढतो. पुढे डोंगर संपून हिरव्या रेषांचा सांगाडा उरतो.

आता आक्षेप. पहिला सरळ आहे: ‘मेट्रिक्स’ या सगळ्यांचा बाप, आणि त्यात भिंत नाही की आभाळाला भोक नाही. भिंत नाही हे खरं. पण शिवण चित्रपटभर पसरलेली आहे. यंत्रांच्या जगातली दृश्यं हिरवट झाक देऊन केली आहेत, बाहेरची निळसर. तेच मांजर दारातून दोनदा जातं, तोवर इमारतीच्या खिडक्या विटांनी बुजलेल्या असतात. लाल कपड्यातल्या बाईच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर दिग्दर्शक वाचोव्स्कींनी जुळी माणसं गर्दीत सोडली होती, प्रोग्रॅम आळशी आहे हे नकळत जाणवावं म्हणून. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: ‘एक्झिस्टेन्झ’मध्ये आपण अजून खेळात आहोत की बाहेर, हे शेवटापर्यंत सुटत नाही, तरी तो चित्रपट चांगला आहेच. आहेच. पण क्रोनेनबर्गने सांधा जागेतून काढून माणसांत घातला. खेळातल्या पात्राला ठरलेलं वाक्य ऐकवलं नाही तर ते पुढे सरकत नाही, मान डोलावत ताटकळत राहतं. पेट्रोल पंपाचं नाव नुसतं ‘गावचा पेट्रोल पंप’ अशा थाटाचं. शेवट अधांतरी राहतो तो आपल्याला ही खूण ओळखायची सवय लागलेली असते म्हणून. आपण समोरच्या प्रत्येक चेहऱ्यात ती शोधू लागतो.

बहुविश्वाच्या चित्रपटांचं दुखणं इथे कळतं. ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’ (२०२२) मध्ये स्ट्रेंज आणि अमेरिका चावेझ काही सेकंदांत कितीतरी विश्वांतून गडगडत जातात. एक रंगाचं, एक व्यंगचित्राचं. डोळ्यांना मेजवानी, पण कुठेच थांबायचं नसल्याने कुठल्याच जगाला वजन येत नाही. पुढे एका विश्वातले नामवंत महानायक मिनिटांत मारले जातात आणि कथा पुढच्या कामाला लागते. मरणारे आपले नव्हेत, शेजारच्या विश्वातले. सीमा ओलांडायला काही मोजावंच लागत नसेल, तर ती सीमा कसली? आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं, अशी आपल्याकडे म्हण आहे. या चित्रपटांना ठिगळाची फिकीरच नाही, ते दुसरं आभाळ आणतात.

यावर कुणीही ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ (२०२२) पुढे करील, आणि करावाच. उत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर त्याने मिळवले. त्यातही जगं भाराभर आहेत. पण दुसऱ्या विश्वातलं कसब उसनं घ्यायचं तर आधी काहीतरी वेडगळ करावं लागतं: बोटांच्या बेचक्यांना कागदाने कापून घ्यायचं, नाहीतर मारायला आलेल्या कर अधिकाऱ्याला ‘तू मला आवडतेस’ असं मनापासून सांगायचं. प्रत्येक फेरीला जकात आहे. शिवाय विश्वागणिक पडद्याच्या चौकटीचं प्रमाण बदलतं, म्हणजे सांधा डोळ्यांनाही दिसतो. ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) मध्ये शिकाऊ माइल्सच्या हालचाली सेकंदाला बारा चित्रांत आणि मुरलेल्या पीटरच्या चोवीस चित्रांत केल्या आहेत, एकाच फांदीवरून दोघे झोके घेताना कोण कच्चा आहे हे लहान मुलालाही जाणवतं. म्हणजे दोष बहुविश्वाच्या कल्पनेत नाही.

खर्चाचा तर संबंधच नाही. जेम्स वॉर्ड बर्किटचा ‘कोहिअरन्स’ (२०१३) दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत झाला. नटांना पूर्ण संहिता न देता रोजच्या पुरत्या चिठ्ठ्या मिळायच्या. मेजवानीला जमलेले मित्र, डोक्यावरून जाणारा धूमकेतू, वीज गेलेली, आणि आळीत एकाच घरात दिवा. ते घर त्यांचंच, आत तेच लोक. दोन घरांच्या मधे रस्त्याचा एक काळोखा पट्टा आहे. तो ओलांडला की आपण कुठल्या घरात परत येऊ याचा भरवसा नाही. आपण कोणते हे ओळखायला त्यांच्याकडे काय आहे, तर चमकणाऱ्या कांड्यांचा रंग. आमची निळी, त्यांची लाल. बाहेर गेलेला दोस्त परत येतो, हसून बोलतो, आणि आपलं लक्ष त्याच्या हातातल्या कांडीवर.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मराठे पानिपत जिंकल्याच्या जगात जाऊन येतात, आझाद मैदानावर रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीत बसल्याबद्दल मारही खातात. हे स्वप्न होतं म्हणून कुणीही झटकून टाकेल. पण त्यांच्या खिशात बखरीचं फाटकं पान राहिलेलं असतं, आणि त्या पानावर गोळी विश्वासरावांना न लागता कानाजवळून गेलेली असते. नारळीकरांना पुंज भौतिकी आणि कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत चांगलाच समजावता येत होता, तो त्यांनी समजावलाही आहे. पण कथा पटते ती पानामुळे.

ज्यांना या वाटेला जायचंय त्यांनी ‘कोहिअरन्स’पासून सुरुवात करावी, आणि त्याबद्दल याहून अधिक काही न वाचता. फासबिंडरच्या चित्रपटाची २०१० मध्ये बालहाउसच्या देखरेखीखाली दुरुस्त केलेली प्रत आहे, तीच पाहावी; आरसे त्यात आरशांसारखे दिसतात. ‘डार्क सिटी’ची २००८ साली निघालेली दिग्दर्शकाची प्रत मिळवा. १९९८ च्या प्रतीत स्टुडिओच्या आग्रहावरून सुरुवातीलाच निवेदन घालून सगळं रहस्य सांगून टाकलं आहे. तीच हाती आली, तर निवेदन संपेपर्यंत आवाज बंद ठेवा.