सोळा बोअर आणि बदकाच्या पोटातलं शिसं

हिवाळ्यात नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयावर, लातूरकरांच्या मांजरा धरणावर चक्रवाक, थापट्या उतरतात. कधीकाळी त्यांच्यावर छर्र्यांच्या बंदुका रोखल्या जात. बहुतेक बाराबोअर, क्वचित सोळा.

बोअरचं गणित उलटं चालतं. एक पौंड शिशाचे सारखे सोळा गोळे केले, की त्यातला एक ज्या नळीत बसेल ती सोळा बोअरची. म्हणून बाराची नळी साडेअठरा मिलिमीटर, तर सोळाची जेमतेम १६.८.

छर्रे शिशाचे, कारण घनता ११.३, पोलादाची ७.८. तेवढ्याच वजनाला पोलाद जास्त जागा खातं आणि अरुंद काडतुसात ती जागाच नसते. शिवाय कठीण छर्र्यांनी जुन्या नळ्या खराब होतात. तरीही अमेरिकेनं १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं, आणि ते योग्यच झालं. चुकलेले छर्रे चिखलात पडतात. दाणे दळण्यासाठी खडे गिळणारी बदकं तेही गिळतात. पेषणीत शिसं झिजतं, रक्तात उतरतं. पंख लुळे पडतात, पक्षी झुरून मरतो.

त्याच वर्षी भारतानं वन्यजीव कायद्यात दुरुस्ती करून शिकारीचे परवानेच रद्द केले. आज इथं बदक मारणं सरळ गुन्हा आहे. चोरटी शिकार दिसली, तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.