ग्रुपमधून निघून गेलेली मैत्रीण



या पानावर आपण शुगर, बीपी, अंगातलं रक्त कमी होणं, पाळीचे त्रास यांविषयी बोलत असतो. आज ज्या गोष्टीविषयी लिहिते आहे, ती लॅबच्या रिपोर्टात दिसत नाही. पण चाळिशीनंतर तब्येतीवर तिचा किती परिणाम होतो, हे मी जवळून पाहिलं आहे. ही गोष्ट म्हणजे शिकताना आपल्यासोबत असलेली माणसं.

नर्सिंगच्या होस्टेलात आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. नाईट ड्युटी करून येणारीसाठी चहा झाकून ठेवायचो. घरून एकीचा डबा आला की चौघी जेवायचो. डिप्लोमा झाला आणि पांगलो. कुणी सरकारी नोकरीत लागली, कुणी खासगी दवाखान्यात, कुणाची लग्नानंतर नोकरीच सुटली. मी काही वर्षं वॉर्डात काम केलं आणि मग वस्त्यांमधल्या आरोग्याच्या कामात पडले.

बऱ्याच वर्षांनी एकीने बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. पहिले आठ दिवस जुने फोटो आणि हसणं. नंतर उरले ते सुप्रभात, वाढदिवस, कुणाचं नवं घर, कुणाच्या मुलाची अॅडमिशन. एक दिवस आमच्या खोलीतली एक मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली. ‘काय झालं हिला?’ असं एकीने विचारलं. दुसरीने लिहिलं, ‘मोठी माणसं झाली आता.’ तीन-चार जणींनी हसरे चेहरे टाकले. मीही ते वाचलं. मीटिंगमध्ये होते, मग फोन करू म्हटलं. तो ‘मग’ आठ महिने आला नाही.

आठ महिन्यांनी मंठा तालुक्यात आरोग्य शिबिराला गेले. तिथे बोलता बोलता एका आशाताईने सांगितलं, ‘आमच्या वस्तीतही एक सिस्टर राहायला आल्यात, पण घराबाहेर निघत नाहीत.’ भेटायला गेले तर तीच. नवरा वारलेला. लहान मूल घरी ठेवून रात्रपाळी जमेना, म्हणून दवाखान्यातलं काम सुटलेलं. ब्लाऊज शिवून घर चालवत होती. शुगर होती, पण पोराच्या फीसाठी गोळ्या बंद केल्या होत्या. पायाच्या बोटाला जखम झाली. महिनाभर घरीच मलम लावून पट्टी बांधत राहिली. शेवटी बोट काढावं लागलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, तू नर्स ना?’

ती म्हणाली, ‘नर्स आहे म्हणूनच सांगायची लाज वाटली. तुम्ही सगळ्या घरांचे फोटो टाकता. मी कशाचा टाकू, पायाचा?’

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात तिने माझाच हात धरला. ‘तुझं बीपी कधी बघितलंस?’ सकाळपासून शिबिरात लोकांच्या दंडाला मशीन लावत होते, स्वतःच्या लावलं नव्हतं. तिने लावलं. १५६ वर ९८ आलं. नंतर दोनदा तपासलं, तरी चढलेलंच होतं. त्याच महिन्यात माझ्या गोळ्या सुरू झाल्या.

लाज नेमकी कशाची?

आपल्या वस्त्यांमध्ये शिकलेली ही बऱ्याच घरांतली पहिली किंवा दुसरी पिढी. कॉलेजला गेलेल्या मुला-मुलीकडे सगळी गल्ली बघत असते. म्हणून नोकरी सुटली, धंदा बुडाला, घर मोडलं की आपण सर्वांत आधी वर्गमित्रांपासूनच लपतो. सोबत सुरुवात केलेल्यांपेक्षा मागे पडल्याचं वाटणं फार जाळतं.

बायकांचं आणखी वेगळं. लग्नानंतर आडनाव बदलतं, गाव बदलतं, कधी कधी फोनही नवऱ्याच्या हातात असतो. मैत्रीण शोधायची तर कुठल्या नावाने? पुरुष मंडळींचं गेट-टुगेदर होतं, पण बऱ्याचदा ते बाटलीपाशी संपतं. ज्याने कष्टाने दारू सोडली तो मग येत नाही. त्यात वर्गणी हजार-दीड हजार. रोजंदारीवाल्याने ती कुठून आणायची?

इथे बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक गोष्ट आठवावी. कोलंबिया विद्यापीठात शिकताना नवल भथेना हे पारशी विद्यार्थी वसतिगृहात त्यांचे सोबती होते. भारतात परतल्यावरही ही मैत्री टिकली. १९२० साली लंडनचं अपुरं शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब निघाले, तेव्हा पगारातली शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले होते. लंडनमध्ये पैशांची ओढाताण झाली तेव्हाही त्यांनी याच मित्राला पत्र लिहून अडचण कळवली. एवढ्या मोठ्या माणसाला मित्राजवळ गरज सांगताना कमीपणा वाटला नाही. मग आपण का लपावं?

तब्येतीशी काय संबंध?

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या तब्येतीचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात बोस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलंही जोडली गेली. या माणसांच्या तब्येतीची नोंद ऐंशीहून जास्त वर्षं ठेवली गेली. पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी जास्त धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून हा अंदाज तेवढा बांधता आला नाही. २०१० साली १४८ अभ्यासांमधल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्यांची माणसांशी घट्ट जोड होती, त्यांची जगण्याची शक्यता दीडपट आढळली.

याचं कारण समजायला अवघड नाही. एकटं पडलेल्या माणसाच्या मनावरचा ताण उतरत नाही. झोप उडते, बीपी चढतं, गोळी चुकते, तंबाखू आणि दारू वाढते. शिवाय घरचे रोज बघतात म्हणून त्यांना बदल दिसत नाही. वर्षाने भेटलेली मैत्रीण मात्र पहिल्याच मिनिटाला म्हणते, ‘किती वाळलीस गं!’ जुन्या मित्राला आपण ‘ठीक आहे’ म्हणून फसवू शकत नाही.

आपल्या धम्मात कल्याणमित्र हा शब्द आहे. चांगली मैत्री म्हणजे अर्धा धम्ममार्ग, असं आनंद म्हणाले तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना दुरुस्त केलं, की तो अर्धा नाही, सगळा आहे.

एवढं करू या

१. गप्प झालेल्याला आधी फोन. ग्रुप सोडलेला, फोटो न टाकणारा, लग्नाकार्यात न दिसणारा असा एक नंबर आज शोधा. ग्रुपवर विचारू नका, एकट्याने फोन करा. ‘सध्या काय करतोस?’ असं लगेच विचारू नका. काम सुटलेल्याला तोच प्रश्न टोचतो. ‘तुझी आठवण आली, तब्येत कशी आहे?’ एवढं पुरे.

२. भेट बिनखर्चाची ठेवा. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटवर आपण जातोच. आपल्यातले कितीतरी जण नागसेनवनात, १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. तिथेच एक वेळ ठरवा. घरून भाकरी आणा. वर्गणी नाही, दारू नाही.

३. जोडी लावून तपासणी करा. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर तपासायलाच हवी. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणीही विचारा. एकटीला लाज वाटते, दोघी असल्या की जाणं होतं. बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासा.

४. शुगर असलेल्या मित्राला पायाचं विचारा. तळपाय रोज बघतोस का? मुंग्या येतात का, बधिर वाटतं का? अनवाणी फिरू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. बारीक जखमही लगेच दवाखान्यात दाखवावी. दुखत नाही म्हणून बरी आहे असं समजू नये. नस बधिर झाली की जखम दुखतच नाही.

५. मनाचंही विचारा. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटतं, झोप नाही, कशात रस नाही, जगणं नकोसं झालं असं कुणी बोललं तर उपदेश करू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर १०८ ला फोन करा आणि सोबत दवाखान्यात जा.

६. बायकांची जुनी नावं लिहून ठेवा. ग्रुपमध्ये माहेरचं आडनावही असू द्या. घरातल्या पुरुषांनी बायकोला तिच्या मैत्रिणींकडे एक दिवस जाऊ द्यावं आणि त्या दिवशी चूल सांभाळावी.

माझी मैत्रीण अजून ग्रुपमध्ये परत आलेली नाही. आम्हीही आग्रह केला नाही. खोलीतल्या आम्ही चौघी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री फोनवर एकत्र येतो. आधी प्रत्येकीने आपला बीपी-शुगरचा आकडा सांगायचा, मग गप्पा. तिच्या गोळ्या आता सरकारी दवाखान्यातून सुरू आहेत. गोळ्या संपत आल्या की चौघींपैकी एकीने विचारायचं, हे ठरलेलं आहे. येत्या १४ जानेवारीला आम्ही गेटवर भेटणार आहोत. ती जास्त चालू शकत नाही, म्हणून सावलीची जागा धरायला मी लवकर जाणार आहे.

तुमच्या बॅचमध्येही असं कुणीतरी असेल. मी आठ महिने घालवले. तुम्ही आज संध्याकाळीच फोन लावा.