अंतर्गळ शस्त्रक्रियोत्तर पुनर्वसन

अंतर्गळ शस्त्रक्रियोत्तर पुनर्वसन : उदरभित्तीतील दुर्बल जागेतून आतडे, वपा किंवा अन्य इंद्रियाचा भाग बाहेर सरकून त्वचेखाली फुगवटा दिसू लागतो, त्या विकृतीस अंतर्गळ अथवा हर्निया म्हणतात. ही विकृती शस्त्रक्रियेने दुरुस्त केल्यानंतर विश्रांती, हालचाल व अंगमेहनत यांचा क्रम कसा असावा, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. सर्व प्रकारांत जांघेतील अंतर्गळ सर्वाधिक आढळतो. पुरुषांपैकी सु. २७ टक्के व स्त्रियांपैकी सु. ३ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी तो होतो. औषधाने किंवा पट्टा बांधून तो बरा होत नाही.

श्रमजीवी समाज : बैठे काम करणाऱ्या रोग्यापुढे शस्त्रक्रियेनंतर फारशी अडचण येत नाही, अंगमेहनतीवर पोट असलेल्यापुढे मात्र चरितार्थाचा प्रश्न उभा राहतो. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेले बंदर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जाळी ओढणे, बर्फ व मासळीने भरलेली खोकी चढविणे-उतरविणे, नांगर उचलणे व डोलत्या नौकेवर तोल सांभाळणे ही खलाशाची नित्याची कामे होत. मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्रियांचे श्रमही कमी नसतात. जवळच्याच बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमाधारक असल्यास त्याला आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळू शकतो. हिश्शावर अथवा हंगामी मजुरीवर नौकेत जाणाऱ्यास असा वेतनाधार सहसा नसतो. त्यामुळे एकतर तो शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतो किंवा जखम पुरती भरण्यापूर्वीच कामावर जातो. याउलट काहीजण भीतीपोटी महिनोन्‌महिने कोणतेही काम करीत नाहीत. हे तिन्ही मार्ग अहितकारक आहेत.

दुरुस्तीची पद्धती व तिची ताकद : इटालियन शल्यचिकित्सक एदोआर्दो बास्सीनी यांनी १८८४ मध्ये जांघेतील अंतर्गळाच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला. तीत दुर्बल जागेच्या कडेची ऊतके एकमेकींकडे ओढून शिवत. टाक्यांवर ताण येत असल्याने रोग्याला दीर्घकाळ अंथरुणात ठेवण्याची प्रथा पडली. शिवलेल्या ऊतकाची ताकद पहिल्या तीन आठवड्यांत मूळच्या एकतृतीयांशाहूनही कमी असते आणि सु. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्बल जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याची पद्धत रूढ झाली. १९८४ पासून अमेरिकेत अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी प्रचारात आणलेल्या तणावरहित दुरुस्तीत ऊतके ओढून आणावी लागत नाहीत. जाळी प्रारंभापासूनच आधार देते व पुढील काही आठवड्यांत तिच्या छिद्रांतून नवे ऊतक वाढून ती उदरभित्तीशी एकजीव होते. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेतही बहुधा जाळीच वापरतात. पुण्याचे शल्यचिकित्सक मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जाळीऐवजी रोग्याच्याच स्नायूच्या कंडराकलेची पट्टी वापरतात.

जाळीची किंमत हा ग्रामीण रोग्यापुढील मोठा अडथळा होता. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे विशिष्ट कृत्रिम कापड निर्जंतुक करून या कामी वापरले. त्यांचे व सहकाऱ्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे युगांडात सु. ३०० पुरुषांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मच्छरदाणीच्या कापडाची जाळी महागड्या जाळीइतकीच उपयुक्त ठरल्याचे एक वर्षानंतर आढळले.

पहिले दोन आठवडे : शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी रोग्याने उठून चालावे. अंथरुणात पडून राहिल्याने पायांच्या नीलांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू दुर्बल होतात व बद्धकोष्ठ होते. उठताना कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठावे. खोकताना व शिंकताना तळहाताने जखमेला आधार द्यावा. जांघेत व वृषणकोशावर थोडी सूज वा काळेनिळेपणा येणे सामान्य होय. वेदनाशामक औषध सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावे. वेदनेमुळे हालचाल थांबणे हेच अधिक हानिकारक असते. जखम पूर्ण भरेपर्यंत खाडीच्या वा समुद्राच्या पाण्यात उतरू नये.

श्रमाकडे क्रमाक्रमाने परत जाणे : वजन उचलल्याने दुरुस्ती उसवते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः जोराच्या खोकल्याने पोटातील दाब बेताचे वजन उचलण्यापेक्षाही अधिक वाढतो. म्हणून घागर उचलण्यास मनाई करणे आणि धूम्रपानाने जडलेला खोकला तसाच राहू देणे विसंगत आहे. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ व अष्ठीला ग्रंथीच्या वाढीमुळे लघवीस कुंथावे लागणे यांवर उपचार करणे आवश्यक असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जांघेतील अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याने सोसेल तितक्या लवकर नेहमीचे व्यवहार सुरू करावेत. लवकर हालचाल केल्याने अंतर्गळ पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण वाढत नाही.

तथापि ‘सोसेल तितके’ याचा अर्थ कामागणिक बदलतो. जाळी विणणे-सांधणे यांसारखे बैठे काम एक-दोन आठवड्यांत करता येते. दोन ते चार आठवड्यांत हलके वजन उचलावे. अतिश्रमाची कामे अनेक शल्यचिकित्सक चार ते सहा आठवड्यांनंतर करण्यास सांगतात. जाळीविना केलेली दुरुस्ती, पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्‌भवलेला अंतर्गळ किंवा पुन्हा केलेली शस्त्रक्रिया असल्यास हा काळ आणखी वाढतो. मोठ्या व्रणज अंतर्गळात तो तीन महिन्यांपर्यंतही जातो. वजन उचलताना ते शरीराजवळ धरावे, गुडघे वाकवावेत व श्वास कोंडून न ठेवता सोडत उचलावे. ज्या श्रमाने जखमेत तीव्र कळ येते तो त्या दिवशी थांबवावा व काही दिवसांनी पुन्हा करून पाहावा. खलाशाने ही परीक्षा किनाऱ्यावरच करावी. कारण कारखान्यात काम मध्येच सोडता येते, तसे भर समुद्रात जाळे अर्धे ओढून सोडता येत नाही.

शस्त्रक्रियेचा काळ : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत मासेमारीची बंदी असते. तातडी नसलेली शस्त्रक्रिया बंदीच्या प्रारंभी केल्यास सु. आठ आठवड्यांचा अवधी मजुरी न बुडता मिळतो. त्यात पहिला महिना जाळ्यांच्या डागडुजीस व पुढील काळ वाढत्या श्रमांच्या सरावास देता येतो. नौका पाण्यात लोटण्यासारखी जड कामे मात्र शेवटच्या आठवड्यांसाठी ठेवावी लागतात.

धोक्याची लक्षणे : ताप, जखमेतून पू येणे, वाढती लाली वा सूज, लघवी अडणे, पोटरी सुजून दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. सु. दहा टक्के रोग्यांत तीन महिन्यांनंतरही त्रासदायक वेदना राहतात. तंत्रिकेस इजा होणे वा ती व्रणात अडकणे हे त्याचे एक कारण असून त्यावर उपचार करता येतात. ही वेदना म्हणजे दुरुस्ती उसवली असे नव्हे.

शस्त्रक्रिया न झालेल्या अंतर्गळातील फुगवटा अकस्मात कडक व वेदनायुक्त होऊन आत जाईनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचा संभव असतो. अशा वेळी काही तासांतच आतड्यास कोथ होऊन जीव धोक्यात येतो. किनाऱ्यापासून कित्येक तासांच्या अंतरावर काम करणाऱ्या खलाशास हा धोका अधिक असतो. म्हणून ज्यास अंतर्गळाचा त्रास होतो, अशा मच्छीमाराने पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याची दुरुस्ती करून घेणे इष्ट ठरते.