उल्कावर्षाव आणि वरच्या हवेतील लाटा

दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्का येताना दिसतात. त्यांच्यामुळे वरच्या हवेत लाटा उठतात काय, असे विद्यार्थी आम्हास विचारतात. नाही, वाळूच्या कणाएवढी उल्का वातावरण काय ढवळणार! लाटा खालून येतात. डोंगरावर आदळणारा वारा आणि गडगडाटी ढग त्या उठवितात. हवा विरळ होईल तशा त्या मोठ्या होतात. ८० ते १०० किलोमीटर उंचीवर फुगे पोहोचत नाहीत, उपग्रह टिकत नाहीत. तेथे जळणारी उल्का विद्युतभारित रेघ मागे ठेवते. ती रेघ वाऱ्याबरोबर वाहते. रडारच्या रेडिओलहरी तिच्यावरून परततात, त्यावरून वारा व लाटा मोजता येतात. तिरुअनंतपुरम येथे २००४ साली असे रडार सुरू झाले. वर्षावात रेघा वाढतात एवढेच. उल्का मात्र रोजच पडतात, अगदी दिवसाही.