रसशाळेतील रसायनशास्त्र

बारावीची परीक्षा संपली आणि रसायनशास्त्राचे पुस्तक आम्ही मोठ्या समाधानाने माळ्यावर टाकले. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास सूत्रे व समीकरणे यांची गरज ती काय, अशी आमची समजूत होती. द्वितीय वर्षाच्या रसशास्त्र प्रात्यक्षिकात ती खोटी ठरली.

आमच्या गटाने सिद्ध केलेले ताम्रभस्म रेखापूर्ण होते, वारितरही होते. दह्यात मिसळून ठेवले असता दुसऱ्या दिवशी मात्र दह्यावर हिरवट झाक आली. ‘आणखी पुटे द्या,’ असे सांगण्यात आले; आम्ही ती दिली. रंग का आला, हे आम्ही विचारले नाही. दह्याच्या आम्लात विरघळणारे ताम्र त्यात शिल्लक होते. ते रुग्णाच्या पोटात गेले असते, तर ग्रंथोक्त वांती व भ्रम टळले नसते.

अपुनर्भव परीक्षेचेही तसेच. घृत, मधु, गुग्गुळ, गुंजा व टंकण हे मित्रपंचक आम्ही पाठ केले. तापविल्यावर त्यातील सेंद्रिय द्रव्यांचा कार्बन होतो, तो धातूच्या ऑक्साइडमधील प्राणवायू ओढून घेतो, टंकण वितळून धातुकणांना एकत्र येऊ देतो, हे कळावयास बरीच वर्षे गेली. रसायनशास्त्रात यालाच क्षपण म्हणतात.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८८७ साली एडिंबरा येथे रसायनशास्त्रात डी.एस्सी. पदवी मिळविली. त्याच शिक्षणाच्या बळावर त्यांनी पुढे संस्कृत रसग्रंथ अभ्यासले व १९०२ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. नव्या विद्येने त्यांची जुन्या ग्रंथांविषयीची आस्था घटली नाही; उलट ती डोळस झाली.

२००४ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा तपास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा सोमल आढळले. अशा प्रसंगी ‘आमची भस्मे शुद्ध असतात’ हे उत्तर पुरत नाही. धातू कोणत्या संयुगात आहे, मुक्त किती आहे, शरीरात किती विरघळतो, हे प्रयोगाने दाखवावे लागते.

म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, माळ्यावरचे ते पुस्तक खाली काढावे. खल व मूषा यांच्याशेजारीच त्याची जागा आहे.