इंजिन बदललं, आता गिअरबॉक्स कोणता?

अमेरिकेत जुन्या शेव्हरोले पिकअपमध्ये नव्या पिढीचं इंजिन बसवण्याची हौस मोठी आहे. १९७०च्या दशकातल्या सी१० ट्रकचं थकलेलं इंजिन उतरवायचं, अपघातात सापडलेल्या एखाद्या सिल्व्हराडोचं ५.३ किंवा ६ लिटरचं व्ही-८ आणून बसवायचं आणि खिशाला परवडलं तर त्याला टर्बोही जोडायचा. इंजिनावर लोक महिनोन्महिने खल करतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा निर्णय मात्र "किती हॉर्सपॉवर झेपतील?" एवढ्या एका प्रश्नावर उरकतात. गिअरबॉक्स जळण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क आणि इंजिनाचे फेरे यांचा गुणाकार. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि क्लच प्लेटांवर ताण येतो तो टॉर्कचा. कॅडिलॅक एस्कलेडमधलं ६ लिटरचं पेट्रोल इंजिन ३४५ हॉर्सपॉवरचं, तर २०००च्या दशकाच्या मध्यातल्या डॉज रॅममधलं ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल ३२५ हॉर्सपॉवरचं. आकडा पाहिला तर डिझेल कमजोर वाटेल. पण पेट्रोल इंजिनाचा टॉर्क साधारण ५१५ न्यूटन-मीटर आणि कमिन्सचा ८२०च्या पुढे, तोही अगदी कमी फेऱ्यांवर. एस्कलेडमागे निभावून नेणारा गिअरबॉक्स कमिन्समागे टिकेलच असं नाही. त्यात वजनाची भर पडते. हलक्या कारमध्ये पूर्ण जोर काही सेकंदच लागतो. ट्रेलर ओढत घाट चढणाऱ्या ट्रकमध्ये तो मिनिटामिनिटांनी मोजावा लागतो. म्हणून "७०० हॉर्सपॉवरपर्यंत चालेल" असं सांगून कोणी बांधलेला गिअरबॉक्स विकत असेल, तर पहिला प्रश्न विचारावा : किती वजनाच्या गाडीत?

जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्सांबद्दल दोन टोकाची मतं हमखास ऐकू येतात. एक, ४एल६०ई म्हणजे कचकड्याचा. दोन, टीएच४०० घ्या आणि निर्धास्त व्हा. ४एल६०ई या नावातला ४ म्हणजे पुढचे गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणारा, ६० हा ताकदीचा ढोबळ दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. मूळ इंजिनामागे, योग्य वजनाच्या गाडीत तो वर्षानुवर्षं चाललेला आहे. ताकद वाढवली की त्याच्या मर्यादा दिसतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळतो, सन शेल तुटतो. शिवाय पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६ आणि दुसऱ्याचं १.६३, म्हणजे ५,५०० फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन थेट २,९००च्या आसपास येतं.

टीएच४०० हा १९६४ पासूनचा. रोल्स-रॉईसने तो वापरला, जॅग्वारने वापरला, फेरारी ४००च्या ऑटोमॅटिक आवृत्तीतही तोच होता. त्याच्या मजबुतीबद्दल वाद नाही. पण गिअर तीनच, आणि तिसरा सरळ १ गुणोत्तराचा. ३१ इंची टायर आणि मागच्या अॅक्सलचं ३.७३ गुणोत्तर धरलं, तर ताशी १०५ किलोमीटरला इंजिन २,६०० फेऱ्यांवर ओरडत राहतं. १९९१ साली आलेला ४एल८०ई हा त्याच घराण्यातला. पहिले तीन गिअर तेच (२.४८, १.४८, १), वर ०.७५चा ओव्हरड्राइव्ह. तेवढ्याच वेगाला फेरे दोन हजारांच्या आत येतात. कामावर जायचं, सुट्टीत बोट ओढायची, अशा ट्रकसाठी हा फरक रोजचा आहे.

सगळ्यात महागात पडतो तो ऑइलच्या दाबाबद्दलचा गैरसमज. क्लच प्लेटा एकमेकींना धरून ठेवतात त्या या दाबाच्या जोरावर. टॉर्क वाढला की दाबही वाढायलाच हवा, नाहीतर कितीही भारी प्लेटा घातल्या तरी त्या घसरणार. ४एल६०ईच्या आधीच्या ७००आर४ मध्ये थ्रॉटलपासून एक केबल येते. अनेक जण तिला नुसती किकडाऊनची केबल समजतात आणि अंदाजाने जोडतात. खरं तर दाब ठरतो तो तिच्यावर. ती सैल राहिली तर चांगला गिअरबॉक्स थोड्याच अंतरात जळतो. टीएच४०० हेच काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून करतो : व्हॅक्यूम कमी, तर दाब जास्त. मोठा कॅम घातलेल्या इंजिनाचा व्हॅक्यूम मुळातच कमी असतो. मग गिअर धक्क्याने पडतात आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

४एल८०ई मध्ये कॉम्प्युटर इंजिनाच्या टॉर्कचा हिशेब करून दाब ठरवतो. टर्बो बसवून इंधनाचं ट्यूनिंग केलं, पण टॉर्कचा हिशेब जुनाच ठेवला, तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन अजून मूळचंच असतं. तो दाब कमी देतो आणि प्लेटा प्रत्येक शिफ्टला थोड्या थोड्या घासत जातात. ट्रक चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा ऑइल काळं पडलेलं असतं. म्हणून गिअरबॉक्सचं ट्यूनिंग इंजिनाच्या ट्यूनिंगबरोबरच व्हायला हवं. पैसे वाचवण्याची ही जागा नाही.

धक्क्याने पडणारा गिअर म्हणजे मजबूत गिअरबॉक्स, हेही चूक. शिफ्ट झटपट हवी हे खरं, पण पाठीत बसणारा प्रत्येक हिसका शाफ्ट आणि जॉइंटही सोसत असतात.

इंजिनाचा जोर ऑइलमार्गे गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या खोक्यावर ३,००० फेऱ्यांचा स्टॉल लिहिलेला असतो, म्हणजे गाडी जागच्या जागी अडवून पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन जितक्या फेऱ्यांपर्यंत चढतं तो आकडा. तो ठाम आकडा नाही. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे जास्त फेऱ्यांना स्टॉल होतो, कमी टॉर्कमागे कमी. "जितका जास्त स्टॉल, तितकी ट्रकला उसळी" हा समज ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवरून आला आहे. वजन ओढणाऱ्या ट्रकात असा कन्व्हर्टर सतत घसरत राहतो, आणि त्या घसरणीची उष्णता सगळी ऑइलमध्ये उतरते. ऑइल ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर उत्तम. १२०च्या पुढे ते वारंवार जाऊ लागलं की सील कडक होतात आणि ऑइल आपले गुण गमावतं. रेडिएटरमधला मूळचा कूलर अशा ट्रकला पुरत नाही. वेगळा मोठा कूलर, तापमानाचा गेज आणि हायवेवर लॉक होणारा कन्व्हर्टर या तिन्ही गोष्टी खर्चाच्या यादीत पहिल्या दिवसापासून हव्यात.

"बोल्टांची भोकं जुळली म्हणजे बसला" असं मानून पुढे जाणाऱ्यांचा पंप फुटतो. सिल्व्हराडोतली ही नव्या पिढीची व्ही-८ इंजिनं एलएस घराण्यातली. बहुतेक एलएस इंजिनांच्या क्रँकची मागची बाजू जुन्या शेव्हरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८पेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असते. टीएच४०० किंवा ७००आर४ जोडताना मध्ये तेवढा स्पेसर लागतो. तो विसरला तर कन्व्हर्टर नीट बसत नाही, आणि त्याची किंमत गिअरबॉक्सचा पुढचा पंप मोजतो. ४एल६०ई काढून ४एल८०ई बसवताना वजन साधारण ४० किलोंनी वाढतं, माउंट मागे सरकतो, क्रॉस मेंबर हलवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो. मागचा योकही बदलतो : २७ दात्यांऐवजी ३२ दात्यांचा.

सहा गिअरचा ६एल८० मोह पाडतो. पहिला गिअर ४.०३, शेवटचा ०.६७, म्हणजे सुटताना जोर आणि हायवेवर शांतता. पण त्याचा कंट्रोलर गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि तो इंजिनाच्या कॉम्प्युटरशी जुळावा लागतो. इंजिन, वायरिंग, कॉम्प्युटर आणि गिअरबॉक्स एकाच ट्रकमधून एकत्र मिळत असतील, तर जरूर घ्यावा. सुटा ६एल८० जुन्या वायरिंगला जोडत बसू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाने एक लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे असा प्रयोग इथल्या रस्त्यावर आणण्याचा विचार मनातून काढलेला बरा.

माझं मत विचाराल, तर टर्बो लावलेल्या आणि रोज रस्त्यावर धावणाऱ्या सी१० साठी मी ४एल८०ई घेईन. टीएच४०० फक्त रेसपुरत्या ट्रकला. टर्बोशिवायचं ५.३ लिटरचं इंजिन आणि हलका वापर असेल, तर नीट बांधलेला ४एल६०ईही पुरे, त्यासाठी ४० किलो जास्त वाहायचं कारण नाही. कन्व्हर्टर मात्र तयार खोक्यातला उचलू नये. बनवणाऱ्याला इंजिनाचा टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर किती हे सांगावं, ट्रकचं ट्रेलरसकट वजन, टायरचा व्यास आणि अॅक्सलचं गुणोत्तर द्यावं, आणि मगच ऑर्डर करावी.