मॉनिटरवरची लाट

मुरुडचा एम.एस्सी.चा एक विद्यार्थी वडिलांच्या खाटेशी बसून जी. बी. व्हिटम यांचे रेषीय-अरेषीय लाटांवरचे १९७४ चे पुस्तक वाचत होता. "सर, पुस्तक चांगलंय, पण गणितानं घाम फुटतो. आजारी माणसाच्या काय कामाचं हे?" मी मॉनिटरकडे बोट दाखवले.

विहिरीत दोन खडे टाका. लहान लाटा एकमेकींतून पार जातात. हृदयातल्या विद्युतलाटा मात्र समोरासमोर आल्या की विझतात, कारण लाट गेलेला स्नायू क्षणभर नवी लाट घेत नाही. एक अधिक एक इथे दोन होत नाहीत, हीच अरेषीयता. चेतातंतूतील अशा लाटेचे गणित हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूला इजा झाली की लाट कधीकधी तिथे अडते, गोल फिरू लागते, तुटते. हृदय नुसते थरथरते. रक्त पुढे जात नाही. शॉक देणारे यंत्र या भरकटलेल्या लाटा एकदम थांबवते.

यंत्र येईपर्यंत काय? माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन करा. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबत राहा. पाणी पाजण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.